पाच पायऱ्यांचं चॅपल

हे प्रकरण उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगरातल्या एका खेड्याचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, ओळख पटेल असे दोनचार तपशीलही बदलले आहेत. मी या गावात राहते. व्यवसायाने वास्तुरचनाकार, मूळची साताऱ्याची, ख्रिस्ती नाही. बुधवारी सकाळी चॅपलमध्ये, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चमध्ये, लहान मुलांचा खेळगट भरतो, तिथे लेकीला घेऊन जायचे. "तुम्ही नकाशे काढता ना, मग जरा आमचं दार बघता का?" असं एका आजींनी विचारलं आणि मी हो म्हटलं. त्या होकारात, व्हीलचेअरवरच्या माणसालाही चॅपलमध्ये येता यावं या खटपटीत, पुढची दोन वर्षं गेली.

पार्श्वभूमी

मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली १७९१ साली वारले आणि त्यानंतर मेथडिस्टांमध्ये फाटे फुटत गेले. त्यातला 'प्रिमिटिव्ह मेथडिस्ट' हा कष्टकऱ्यांचा पंथ: खाणकामगार, गिरणीकामगार, शेतमजूर. १९३२ साली मुख्य शाखा एकत्र आल्या, तेव्हा एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन चॅपलं होऊन बसली होती. त्यांतली कितीतरी पुढे विकली गेली. कुठे आता घर आहे, कुठे गॅरेज. आमच्या गावात उरलं ते प्रिमिटिव्हांचं, १८६० च्या दशकातलं. दगडी, उंच खिडक्यांचं, आत पिचपाइनच्या (एका जातीच्या पाइनच्या) लाकडाचे बाक, समोर तीन पायऱ्यांचा लाकडी चौथरा, त्यावर पुलपिट (उपदेश करायचा मंच) आणि ऑर्गन. मागे नंतर जोडलेली 'स्कूलरूम', म्हणजे रविवारच्या शाळेची खोली. संरक्षित इमारतींच्या यादीत दुसऱ्या श्रेणीत नोंद.

दर्शनी दाराला पाच पायऱ्या, एकेक साधारण १७० मिलिमीटरची. म्हणजे रस्त्यापासून चॅपलची जमीन ८५० मिलिमीटर उंच. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना भिंतीच्या तळाशी पायाचे दगड बसवलेले, आणि प्रत्येकावर देणगी देणाऱ्याची आद्याक्षरं कोरलेली. आठवड्याच्या मजुरीतून पैसे बाजूला टाकून त्या लोकांनी हे दगड बसवले. गावातल्या चार घरांना आपल्या पणज्याचा दगड कोणता ते आजही सांगता येतं.

रविवारच्या उपासनेला अठरा-वीस माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. एवढ्यावर इमारत चालत नाही. ती चालते खेळगटावर, गुरुवारच्या जेवणावर आणि निवडणुकीवर, कारण मतदान केंद्र इथेच असतं.

अडचण

२०२१ च्या नोव्हेंबरात इथे एक अंत्यविधी झाला. गेलेल्या गृहस्थांची धाकटी बहीण विजेच्या व्हीलचेअरवर आली होती. असली खुर्ची माणसासकट दोनशे किलोच्या आसपास जाते. चौघांनी उचलायची म्हटलं तरी उचलली जात नाही. चॅपलकडे अॅल्युमिनियमचा घडीचा रॅम्प, म्हणजे चाकांसाठीचा उतार, होता, कुणीतरी कधीतरी भेट दिलेला, २.१ मीटर लांब. तो पायऱ्यांवर टाकला की सव्वादोन फुटांना एक फूट असा चढ होतो. त्यावर नुसती रिकामी खुर्चीसुद्धा मी चढवली नसती. बाईंनी एकदा त्या पत्र्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दार उघडं ठेवलं, कुणीतरी गुडघ्यांवर घोंगडी टाकली, आणि भावाचा विधी त्यांनी फुटपाथवरून ऐकला. शवपेटी त्यांच्या बाजूने सहा जणांच्या खांद्यावरून पाच पायऱ्या चढून आत गेली.

त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पुढच्या चर्च कौन्सिलच्या बैठकीत मात्र विषय निघालाच. मेथडिस्टांमध्ये ही स्थानिक कौन्सिलच इमारतीची व्यवस्थापक विश्वस्त असते, त्यामुळे 'वरच्यांनी काहीतरी करावं' म्हणायची सोय नव्हती. कायदाही होता. २०१० च्या समानता कायद्याने सेवा देणाऱ्या प्रत्येकावर वाजवी फेरबदल करण्याचं बंधन घातलं आहे आणि प्रार्थनास्थळं त्यातून सुटलेली नाहीत. अपंग माणूस दारात येऊन अडेपर्यंत थांबायचं नाही, आधीच विचार करायचा, असं तो कायदा सांगतो. त्यात मतदान केंद्रांची दर पाच वर्षांनी होणारी फेरतपासणी तोंडावर आली होती. हीच जागा राहणार का, अशी चौकशी स्थानिक प्रशासनाकडून झाली. माझ्या मते हलवलं ते अंत्यविधीने, पण बैठकीच्या इतिवृत्तात कारण म्हणून मतदान केंद्रच लिहिलं गेलं. लाज वाटली असं इतिवृत्तात लिहायची पद्धत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता: दर्शनी दाराला रॅम्प. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेत रॅम्पचं गणित सोपं आहे. चढाचा एक टप्पा दहा मीटर लांब असेल तर एकास वीस (वीस मीटर पुढे जाताना एक मीटर चढ), पाच मीटरचा असेल तर एकास पंधरा, दोन मीटरचा असेल तर एकास बारा. यापेक्षा तीव्र नको. ८५० मिलिमीटर चढायला एकास वीसने सतरा मीटर लागतात, वर मधला सपाट टप्पा आणि दोन्ही टोकांना सपाट जागा. आमचं समोरचं अंगण अडीच मीटरसुद्धा खोल नाही. रॅम्प दोनदा वळवून बसवता आला असता, पण मग नावांचे सगळे दगड त्याच्या कठड्यामागे गेले असते.

दुसरा पर्याय उचलणारा पाट, म्हणजे बाहेर बसवायची छोटी लिफ्ट. जागा कमी लागते. पण डोंगरातला पाऊस, आठवड्यातून दोनतीनदाच वापर, वार्षिक देखभाल आणि किल्ली कुणाकडे हा प्रश्न. किल्लीवाला सापडेपर्यंत माणूस पुन्हा फुटपाथवरच.

तिसरा: चॅपल बंद करून पाच मैलांवरच्या गावातल्या सपाट, नव्या इमारतीत मंडळी विलीन करायची. हा पर्याय मांडला सर्वांत वयस्कर सभासदाने, तोही शांतपणे: "अठरा माणसांसाठी किती दगड फोडायचे?" प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून त्यावर एक आख्खी संध्याकाळ गेली. तो फेटाळला गेला तो खेळगटाच्या आया आणि गुरुवारी जेवायला येणारी माणसं यांच्यामुळे. ती रविवारी नसतात, पण त्यांच्याकडे पाच मैल जायला गाडीही नसते.

चौथा मी सुचवला. इमारत उतारावर आहे, शेजारची गल्ली वर चढत जाते. स्कूलरूमचं बाजूचं दार त्या गल्लीत उघडतं आणि तिथे पायऱ्या फक्त दोन, मिळून २४० मिलिमीटर. स्कूलरूमची आणि चॅपलची जमीन एकाच पातळीवर. म्हणजे जेमतेम पाच मीटरच्या रॅम्पवर काम भागतं.

मला वाटलं होतं, टाळ्या वाजतील. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी कचऱ्याच्या डब्यांजवळून, स्वयंपाकघराच्या बाजूने, मागच्या दाराने यायचं?" त्यांचा मुलगा व्हीलचेअर वापरतो. आयुष्यभर हॉटेलांत, दवाखान्यांत, थिएटरांत तो मालाच्या दारानेच आत गेलेला आहे.

निर्णय

या एका वाक्याने आराखडा बदलला. कौन्सिलने ठरवलं की बाजूचं दार हेच सगळ्यांचं मुख्य दार करायचं. सूचनाफलक तिथे, दारावर हात मिळवून गीतांची पुस्तकं देणारे तिथे, दिवा तिथे, डबे दुसरीकडे. दर्शनी दार लग्नाला आणि अंत्यविधीला उघडायचं. शवपेटी मात्र आता कुठल्या दाराने न्यायची ते घरच्यांनी ठरवायचं.

बोलायला सोपं होतं. आपल्याकडे पंढरपुरात नामदेवांची पायरी आहे, तिच्यावर पाय पडू नये म्हणून लोक जपून आत जातात. इथे पायरीला कुणी हात लावत नाही, पण दीडशे वर्षं ज्या दाराने आजे-पणजे आत गेले ते दार बंद ठेवायचं म्हणजे काय, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होतं. मतदान सात विरुद्ध चार झालं. विरोधातल्या चौघांनी नंतर कामाला हातभार लावला. एकाने मात्र काम झाल्यावरही सहा रविवार न बोलता दर्शनी दाराचं कुलूप काढून ठेवलं.

दुसरा निर्णय पैशांचा. मेथडिस्ट परंपरेला जुगाराचं वावडं आहे. लॉटरीच्या निधीतून चालणाऱ्या वारसा-अनुदानासाठी अर्ज करायला आता मनाई नाही, पण दोन वृद्ध सभासदांना ते पटेना. "बहुमताने रेटू नका" असं पाळकबाईंनी सुचवलं आणि अर्ज केला नाही. सर्किटच्या (शेजारच्या चॅपलांचा गट म्हणजे सर्किट, अनेक सर्किटांचा विभाग म्हणजे डिस्ट्रिक्ट) आणि डिस्ट्रिक्टच्या निधीतून, देणग्यांतून आणि केक विकून पैसे जमले. पाचएक महिने जास्त लागले. मी असते तर अर्ज केला असता. पण त्या दोघांपैकी एका आजोबांनी पुढे हिवाळाभर मीठ टाकायचं काम अंगावर घेतलं, त्यामुळे माझं मत मी आता जरा हळू आवाजात सांगते.

तिसरा निर्णय आम्ही घेतला नाही, तो अंगावर आला. सर्किटच्या बैठकीत आमच्या रॅम्पची बातमी सांगितल्यावर कुणीतरी सहज म्हणालं, "बरं झालं, आता त्याला तुमच्याकडेही लावता येईल." कुणाला? मेथडिस्टांत बहुतेक रविवारी उपदेश करतात ते लोकल प्रीचर: दीक्षा न घेतलेले, पोटापाण्याचा वेगळा उद्योग असलेले. कुठल्या रविवारी कुणी कुठे बोलायचं याचा तिमाही तक्ता निघतो, त्याला 'प्लॅन' म्हणतात. सर्किटमधले एक लोकल प्रीचर अपघातानंतर व्हीलचेअरवर आहेत. आमच्या सचिवबाईंनी जुने प्लॅन काढले. अकरा वर्षांत आमच्या चॅपलसमोर त्यांचं नाव एकदाही नव्हतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. प्लॅन करणारा दर वेळी पायऱ्या आठवून त्यांना दुसरीकडे लावत होता, इतकंच.

आम्ही त्यांना बोलावलं. रॅम्प अजून कागदावरच होता, त्यामुळे गल्लीतल्या दोन पायऱ्या त्यांना दोघांनी मागे झुकवून चढवल्या. स्कूलरूममधून चॅपलमध्ये जाणारं आतलं दार त्यांच्या चाकं ढकलायच्या कड्यांना दोन्हीकडून घासत होतं. मोकळी रुंदी जेमतेम ६९० मिलिमीटर. आत आल्यावर ते चौथऱ्याखाली थांबले, वर पुलपिटकडे बघून म्हणाले, "छान. आता मी बोलू कुठून?"

माझ्या आराखड्यात व्हीलचेअरसाठी बसायची जागा होती, बोलायची नव्हती. अपंग माणूस येईल तो ऐकायला येईल, असं मी गृहीत धरलं होतं, आणि माझ्यासकट अकरा जणांनी तो नकाशा पाहिला होता. परवानगीसाठी कागद आधीच गेले होते. ते तसेच पुढे जाऊ द्यायचे की मागे घ्यायचे? मागे घेतले, सात आठवडे गेले. चौथऱ्याला हात न लावता, खाली वेदीच्या कठड्यापुढे उंची खालीवर करता येणारं टेबल आणि मायक्रोफोन असं ठरलं. आणि त्याच वेळी हेही ठरवलं, की उपदेश करणारा कुणीही असो, तिथूनच बोलायचं.

काम

परवानग्यांत आमची मोठी चूक झाली. इंग्लंडमध्ये मेथडिस्टांसह काही चर्चांना संरक्षित इमारतीच्या परवानगीतून सूट आहे. नगरपालिकेऐवजी त्यांची स्वतःची तपासणी यंत्रणा असते. ही सूट म्हणजे सगळ्यातूनच सूट, असा सगळ्यांचा समज होता, आणि मी तो वेळेत खोडला नाही. बाहेरच्या रॅम्पला नियोजन परवानगी लागतेच, बांधकाम नियमही लागू होतातच. तीन महिने वाया गेले.

व्हॅटचं उलट झालं. ठेकेदाराने सगळ्या कामावर सरसकट २० टक्के लावले होते. खजिनदार निवृत्त बँक कर्मचारी. त्यांनी नियम वाचून काढला की धर्मादाय संस्थेसाठी अपंगांकरता रॅम्प बांधणं, दार रुंद करणं आणि शौचालय करणं यावर शून्य दर आहे, फक्त ठेकेदाराला लेखी घोषणापत्र द्यावं लागतं. बाकी कामाचा व्हॅट संरक्षित प्रार्थनास्थळांच्या सरकारी योजनेतून परत मिळाला. (एप्रिल २०२५ मध्ये त्या योजनेत एका प्रार्थनास्थळाला वर्षाला २५ हजार पौंडांची मर्यादा आली होती.)

रॅम्प एकास वीसचा, ४.८ मीटर लांब, दीड मीटर रुंद केला. एकास पंधरा केला असता तर ३.६ मीटरमध्ये भागलं असतं आणि गुलाबाचा एक वाफा वाचला असता. पण चाकं स्वतःच्या हाताने ढकलणाऱ्याला हा फरक खांद्यात कळतो. वाफा दुसरीकडे लावला.

आतलं दार रुंद करायला दगडी भिंत कापावी लागली. दाराची जुनी फळी टाकून देऊ नका, असं संवर्धन अधिकाऱ्याने बजावलं होतं. सुतार गावातलाच. व्हीलचेअरच्या जागेसाठी दोन बाक आखूड करायचे होते, तेही अगदी पुढे किंवा मागे न घेता मध्यावर, म्हणजे माणूस घरच्यांशेजारी बसेल. त्या कापलेल्या बाकांचं पिचपाइन घेऊन त्याने जुन्या दाराला एक पट्टी जोडली. दीडशे वर्षांचं लाकूड, सारख्याच रंगाचं. सांधा दाखवल्याशिवाय दिसत नाही. तो मात्र प्रत्येकाला दाखवतो.

बाक काढल्यावर नवीन घोळ उघडा पडला. बाक थेट फरशीवर नव्हते, १०० मिलिमीटर उंच लाकडी ओट्यावर होते. मी वाटेची फरशी मोजली होती, बाकांखालची जमीन मोजलीच नव्हती. ओटा तेवढ्यापुरता कापायला गेलो तर खाली गरम पाण्याचे ओतीव लोखंडी नळ. ते वळवेपर्यंत पाच आठवडे उपासना स्कूलरूममध्ये, खेळगटाच्या प्लास्टिकच्या घसरगुंडीशेजारी.

शौचालय जुन्या कोळशाच्या कोठीत बसलं: दीड बाय २.२ मीटर, दार बाहेर उघडणारं. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठीचं लूप (मायक्रोफोनचा आवाज थेट यंत्रात पोचवणारी तार) नवं घ्यावं लागलं नाही. जुनं चालू होतं, पण त्याचं बटण कुलुपातल्या कपाटात आणि ते दाबायचं हे कुणाला माहीत नव्हतं.

परिणाम

२०२३ च्या शरदात दार उघडलं. मतदान केंद्र राहिलं. खेळगटाच्या आयांना ढकलगाड्या उचलाव्या लागत नाहीत, आणि खरं सांगायचं तर रॅम्पचा सर्वाधिक वापर त्याच करतात. आतलं दार चौथऱ्याशेजारी उघडतं, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला सगळ्या मंडळीच्या तोंडासमोरून जावं लागतं. ही फजिती आता सर्वांना सारखी आहे.

ते प्रीचर पहिल्यांदा बोलायला आले तेव्हा एक गंमत झाली. बसून बोलणारा माणूस मागच्या बाकांवरून दिसेना. मेथडिस्ट माणसाला मागे बसायची फार आवड. पहिल्या गीतानंतर एकेक करून सगळे पुढे सरकले. पाळकबाई म्हणाल्या की बारा वर्षं विनवूनही त्यांना हे जमलं नव्हतं.

आता वेगळं काय केलं असतं

सगळ्यात आधी, नकाशा काढण्यापूर्वी व्हीलचेअर वापरणाऱ्या दोघा-तिघांबरोबर आख्खा रविवार काढला असता: गल्लीपासून चहाच्या कपापर्यंत. मी रिकाम्या इमारतीत फीत घेऊन मोजत बसले. रिकाम्या इमारतीत पुस्तकांचं टेबल वाटेत नसतं, दाराला पाठ लावून गप्पा मारणारी माणसं नसतात.

एक बाक काढून खालची जमीन पहिल्याच आठवड्यात पाहिली असती.

आणि ऑर्गन. चाळीस वर्षं तो वाजवणाऱ्या बाईंचा खुबा आता साथ देत नाही. तीन पायऱ्यांवरचा चौथरा आम्ही 'नंतर बघू' म्हणून सोडला. त्यांना खाली इलेक्ट्रिक कीबोर्ड दिला आहे. त्या तो वाजवतात, नाताळला मात्र दोन हातांचा आधार घेऊन वर जातात, आणि कुणी थांबवत नाही. हे बरोबर आहे असं मला वाटत नाही. पण इथे रॅम्पला जागा नाही, आणि लिफ्टला त्या स्वतःच नको म्हणतात.

देखभालीचा भाग मी कमी लेखला होता. रॅम्प उत्तरेकडे तोंड करून आहे, नोव्हेंबरपासून त्यावर दव गोठतं. मीठ कुणी टाकायचं याचा तक्ता करावा लागला. शौचालयात मदतीसाठी ओढायची लाल दोरी असते. तिला दोन लाल कड्या, एक जमिनीपासून १०० मिलिमीटरवर, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो. उद्घाटनानंतर महिन्याभराने पाहिलं तर पोछा मारताना मध्ये येते म्हणून कुणीतरी तिची छान गाठ मारून कमरेपर्यंत वर बांधली होती. शेजारी नाताळच्या नाटकातली गाईची मुंडकी ठेवलेली. गाठ सोडली, मुंडकी हलवली. तेव्हापासून दर महिन्याला बघते. दोनदा पुन्हा बांधलेली सापडली.

गेल्या वेळी ते प्रीचर उपासना संपल्यावर स्वयंपाकघरात आले. इथे उपदेश करणाऱ्याच्या हातात चहाचा कप आणून देतात, आणि बाकीचे कप धुतात. त्यांनी बाह्या वर केल्या आणि सिंकशी गेले. ओटा ९०० मिलिमीटर उंच, खाली कपाटं, गुडघे घालायला जागा नाही. हनुवटीजवळ हात नेऊन त्यांनी दोन कप धुतले, बाहीतून कोपरापर्यंत पाणी आलं. मग वळून मला विचारलं, "फीत आहे का बरोबर?"

होती. ओट्याचं माप घेतलं आहे, पैसे अजून जमायचे आहेत.